पुण्याच्या व्याह्यांना अंबाजोगाई दाखवताना

अंबाजोगाईत माणसानं रिकाम्या हातानं चालू नये. हातात पिशवी असली की लोक समजतात, भाजीला निघालाय. डबा असला की दवाखान्यात कुणीतरी ॲडमिट आहे. फाईल असली की कोर्टाची तारीख. पण सकाळी सकाळी रिकाम्या हातानं, सावकाश, भिंतींकडे बघत कुणी चालला की गाव सावध होतं. मला हे साठी उलटेपर्यंत कळलं नव्हतं, कारण आयुष्यात मी कामाशिवाय कधी घराबाहेर पडलोच नव्हतो.

काम तसं या खेपेलाही होतं, आणि चांगलं मोठं होतं. आमची सून वर्षाराणी डॉक्टर. तिला आमच्या इथल्या मेडिकल कॉलेजात शिकवायची नोकरी मिळत होती. आमचा अमरनाथ कम्प्युटरवर काम करतो. ते काम म्हणे कुठूनही करता येतं, त्यामुळे ते काम आहे की नाही याबद्दल आमच्या गल्लीत अजून संशय आहे. म्हणजे दोघंही पुणं सोडून घरी राहायला येऊ शकत होती. शिवकांतानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ही बातमी ऐकल्यापासून दोन माणसांच्या स्वयंपाकात चार माणसांचं पीठ मळायला सुरुवात केली होती. रोज उरलेल्या भाकरी मी दुसऱ्या दिवशी चुरून खात होतो आणि तक्रार करत नव्हतो.

अडलं होतं एकाच ठिकाणी. वर्षाराणीला आई नाही. ती एकुलती एक, आणि तिचे वडील मन्मथराव पुण्यात एकटे. ती म्हणाली, "अप्पा, माझी तयारी आहे. पण बाबांनी मनापासून हो म्हटलं तरच." आणि मन्मथराव म्हणाले, "त्या गावात आहे काय?"

मन्मथराव मूळचे आमच्याच बाजूचे, लातूरकडचे. पण पस्तीस वर्षं पुण्यात लेखापरीक्षण खात्यात काढल्यामुळे त्यांच्या बोलण्यात, चालण्यात आणि चहात लातूर शिल्लक राहिलं नव्हतं. चहा ते बिनसाखरेचा घेत. समोरच्यानं काहीही सांगितलं की चष्म्यावरून बघत आणि "असं होय?" एवढंच म्हणत. या "असं होय" नं भल्याभल्या कॅशियरांची झोप उडवली असणार. मला तर त्यांनी 'प्रवास कसा झाला' विचारलं तरी तिकीट दाखवावंसं वाटे.

दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो होतो तेव्हा त्यांनी आम्हाला तिथल्या 'हेरिटेज वॉक'ला नेलं होतं. गालाला माईक चिकटवलेला एक तरुण पुढं आणि टोप्या घातलेली सुशिक्षित माणसं मागं. तो तरुण एका बंद नळापाशी थांबला आणि त्या नळाबद्दल इतका वेळ बोलला की मला तहान लागली. परत येताना मन्मथराव म्हणाले, "तुमच्याकडे असं काही नसेल ना?" आता हा प्रश्न आहे का? मी म्हणालो, "नसायला काय झालं? आमच्याकडे तर दर रविवारी असतं." मन्मथरावांनी चष्म्यावरून बघितलं. "असं होय? मग येतोच एकदा. वर्षाच्या नोकरीचं तेव्हाच ठरवू."

अशा रीतीनं दर रविवारी निघणारी फेरी पुढच्या दीड महिन्यात काढणं मला भाग पडलं.

दाखवायला काही नाही असं मुळीच नाही. योगेश्वरीचं देऊळ आहे. डोंगरात कोरलेला हत्तीखाना, म्हणजे शिवलेणी, आहे, त्यात दगडाचे हत्ती आहेत. बाराखांबी आहे. कवींच्या समाध्या आहेत. पुण्याहून, कोकणातून माणसं येतात ती देवीची ओटी भरतात आणि दुपारच्या आत परततात, हा काही आमच्या गावाचा दोष नाही. आणि म्युझियम म्हणाल तर आमच्या वॉर्डाचे पुढारी भगवानराव अध्यक्ष असलेल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या मूर्ती ठेवल्या आहेत, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. बघितल्या कुणीच नव्हत्या.

तेव्हा आधी एक रविवार एकट्यानं जाऊन रस्ता ठरवून यावा म्हणून निघालो. फाटकाची कडी काढतो न काढतो तोच पलीकडे बादली उपडी घातल्याचा आवाज आला. आमच्या आणि राधाकिशनच्या घरामध्ये एक भिंत आहे. ती त्याला उंच पडते, म्हणून तो बादलीवर उभा राहतो. आमच्याकडच्या कुठल्याही गोष्टीची सुरुवात या बादलीनं होते.

"अप्पा, सकाळच्या पारी कुठं?"

"जरा फिरायला."

"फिरायला? कावून? शुगर निघाली काय?" आमच्याकडे 'का'ला 'कावून' म्हणतात, आणि ते कुणालाही विचारतात.

"नाही रे. गाव बघायला चाललो."

राधाकिशननं भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. "जल्मापासून गावातच हाव की तुमी. आज काय नवीन बगायचंय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "हातात कायतरी घ्या बगा. लोक नाव ठेवत्यात."

त्याच्या सांगण्यावरून मी परत आत गेलो आणि पिशवी घेतली. इथंच घात झाला. शिवकांतानं रिकामी पिशवी बघितली की तिला राहवत नाही. तिनं त्यात देवीसाठी नारळ घातला, हळदकुंकवाच्या पुड्या घातल्या, उन्हातून जाताय तर पाण्यात पिळायला म्हणून लिंबं घातली. हत्तीखान्यात अंधार असतो म्हणून बॅटरी मी घातली. निघताना ती म्हणाली, "आज अमावस्या हाय, नवीन काम काढू नये." मी शिकलेला माणूस. हसलो आणि निघालो.

योगेश्वरीच्या देवळात दर्शनाची रांग होती, तेव्हा नंबर लागायच्या आत मंडी बाजारातून जाऊन यावं म्हटलं, आणि तिथंच रेंगाळलो. मग ऊन वाढायच्या आत बाराखांबी बघून घेऊ म्हणून देवळात न जाताच पुढं गेलो. त्यामुळे नारळ पिशवीतच राहिला. बाराखांबीच्या वाटेवर मुक्ताबाईंचं घर आहे. त्यांचा ओटा रस्त्यावर बराच पुढं आलेला आहे, इतका की ओट्याला घर आहे असं म्हणावं. मी तिथं थांबून, मंडळींना इथं सावलीत बसवता येईल का, म्हणून पावलांनी ओटा मोजला. मुक्ताबाई आतून लाटणं घेऊन आल्या.

"कोन खात्याचे?"

"कुठल्याच नाही, मावशी. मी वैजिनाथ, वरच्या गल्लीतला."

"मंग मोजता कावून?"

"माणसं बसवायची आहेत. पुढच्या रविवारी."

"माज्या ओट्यावर? कोनाची मानसं?" त्यांनी लाटणं दुसऱ्या हातात घेतलं. रस्ता रुंद होणार अशी आवई आमच्याकडे दर वर्षी उठते. मी पुढचं काही न बोलता काढता पाय घेतला, आणि निर्दोष माणूस असा पळत नाही, हे मला नंतर कळलं.

हत्तीखान्यात मी बॅटरी लावली, दगडाच्या हत्तीवरून हात फिरवला. खाली उतरलेला रस्ता चढायला वेळ लागेल म्हणून लिंबू पिळावं म्हटलं, आणि पिशवीतून एक एक वस्तू काढून खांबापाशी मांडली. नारळ, कुंकवाची पुडी, लिंबं. वर बघतो तर सिदू. भगवानरावांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसणं हा त्याचा व्यवसाय. तो तिथं खाजगी फोनवर बोलायला आला होता. बोलणं सोडून माझ्याकडे बघत होता.

"अप्पा," तो फार हळू आवाजात म्हणाला, "कवा खांदायचं हाय?"

मला काही समजेना. मग माझी नजर समोरच्या नारळाकडे गेली, लिंबांकडे गेली, आणि अंगावर काटा आला. अमावस्या, लेणी, बॅटरी, लिंबं! गुप्तधन काढायला याहून जास्त काही लागत नाही. मी घाईघाईनं सांगितलं, "अरे, मी नुसता रस्ता बघायला आलोय. पुढच्या रविवारी पुण्याहून साहेब येणार आहेत."

"म्हंजे मेन मानूस त्यो," सिदू म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गावात माझ्याबद्दल तीन मतं झाली. एक, अप्पाला हत्तीखान्यात हंडा लागला असून पुण्याहून मांत्रिक येतोय. दोन, अप्पाला रस्तावाल्यांनी फितवलं असून तो गरिबांचे ओटे मोजतोय. तिसरं मत राधाकिशनचं. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आहे, रिटायर माणूस उगीच दारोदार पायी फिरत नाही, तेव्हा अप्पा उभे राहणार. मी प्रत्येकाला समजावत सुटलो. पण आमच्याकडे माणूस खुलासा करायला लागला की संशय पक्का होतो.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्या मागच्या खोलीची चावी मागायला गेलो. कारकून म्हणाला, अर्ज द्या. अर्ज दिला. तो म्हणाला, अर्ज अध्यक्षांकडे द्या, ते माझ्याकडे पाठवतील, मग मी त्यांच्याकडे पाठवीन. म्हणून थेट भगवानरावांच्या बैठकीतच गेलो. भगवानराव वॉर्डातलं मोठं प्रस्थ. वाचनालयापासून भजनी मंडळापर्यंत प्रत्येक ठिकाणी अध्यक्ष. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला. मला तेव्हाच शंका आली. आजवर त्यांनी माझ्या नमस्कारालाही मान हलवलेली नव्हती.

"अप्पा, खरं सांगा. तुमाला कोनी उठवलंय?"

"कुणी नाही हो. व्याही येणार आहेत, त्यांना गाव दाखवायचंय."

"मूर्तीची खोलीच कावून पाहिजे? इतकं मोठं गाव पडलंय."

"पुण्यात म्युझियम दाखवतात."

"वॉर्ड लेडीजला सुटला तर वैनीला उभं करता का काय?"

मी हात जोडले. भगवानरावांनी बराच वेळ माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. त्यांच्या धंद्यात हात जोडण्याचा अर्थ वेगळा होतो.

"पाव्हणे काय करत होते पुण्यात?"

"लेखापरीक्षणात होते. ऑडिटर."

बैठकीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. सिदूनं पंखा बंद केला. "होते का हायेत?" भगवानरावांनी विचारलं.

"रिटायर झालेत."

"असंच सांगत असत्यात," भगवानराव म्हणाले. "चावी मिळंल. रविवारी खोली उघडी सापडंल तुमाला. पर आपलं मानूस म्हनून सांगतो अप्पा, गावात राहायचंय आपल्याला."

घरी येऊन हे सगळं शिवकांताला सांगितलं. ती भाकरी थापताना थांबली. "खरंच सुटनार का हो लेडीजला?" तिनं विचारलं. त्या क्षणी मला माझ्या घरातही कुणावर विश्वास ठेवावा कळेना.

शनिवारी मन्मथराव आले. वाटेत मांजरसुंब्याच्या ढाब्यावर रबडी खाल्ल्याचं त्यांनी कबूल केलं, पण ती बरी होती एवढंच म्हणाले. आल्या आल्या घर बघितलं. वरची खोली अमरनाथची, सध्या तिथं ज्वारीची पोती असतात. त्यांनी पोत्यांच्या मधून वाट काढून खिडकी उघडली, नळ सोडून बघितला.

"वर पाणी चढतं का हो?"

"चढतं की. एक दिवसाआड… म्हणजे टाकी आहे."

"असं होय? पहाटे ऊन येतं का या बाजूनं?"

"येतं."

"जिना जरा उभा आहे."

मला सगळं समजलं. हा माणूस दोष टिपत होता. पाणी नाही, ऊन आहे, जिना उभा आहे. पुण्याला जाऊन लेकीपुढे अहवाल ठेवणार आणि नोकरी नाकारायला लावणार. शिवकांतानं येसर आमटी केली होती. त्यांनी दोनदा मागून घेतली, तर तेही मला खरं वाटेना.

रविवारी सकाळी ते तयार होऊन उभे राहिले. पांढरे बूट, टोपी, पाण्याची बाटली. बादली वाजली. "मी बी येतो," म्हणून राधाकिशन चपला घालून हजर. त्याचं काम त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, हंड्यात वाटा. कोपऱ्यावर सिदू मोटारसायकलवर बसला होता. आम्ही निघाल्यावर तो पाय जमिनीला घासत, इंजिन बंद ठेवून, मागून येऊ लागला. सिदू चाललाय म्हटल्यावर भगवानरावांच्या विरोधी पार्टीची चार पोरं आली, सिदूवर लक्ष ठेवायला. ती आली म्हणून भगवानरावांची आणखी आली. मांत्रिक बघायला बायका निघाल्या. मंडी बाजारातून जाताना दुकानदार फळीवरून खाली उतरले. योगेश्वरीच्या देवळातून दर्शन घेऊन बाहेर पडलो तेव्हा मागं माणसांची अशी रीघ लागली होती की एका माणसानं मला हार घालायचा प्रयत्न केला.

मन्मथरावांनी वळून बघितलं. पहिल्यांदाच त्यांच्या चष्म्यामागं आश्चर्य दिसलं. "दर रविवारी इतके लोक येतात?"

"आज जरा कमीच आहेत," मी म्हणालो.

मी माहिती सांगू लागलो. निजामाच्या काळात या गावाला मोमिनाबाद म्हणत, इथं घोडदळाची छावणी होती, वगैरे. मन्मथरावांशिवाय कुणी ऐकत नव्हतं. बाकी सगळे मी हात कुठं करतोय ते बघत होते. मी एका वेशीकडे बोट दाखवलं तर दोघंजण तिथं धावत जाऊन खाली वाकून आले.

वाचनालयापाशी मांडव होता! दारात रांगोळी, सनई लावलेली, आणि भगवानराव फेटा बांधून उभे. त्यांनी मन्मथरावांना शाल घातली, नारळ दिला, आणि मला बाजूला सारून "साहेब, आपला कारभार उघड्या पुस्तकासारखा हाय" असं सांगून खोलीचं कुलूप स्वतः काढलं. आतून नव्या रंगाचा भपकारा आला. मूर्ती खरोखरच होत्या. किती शतकांच्या कोण जाणे, सुंदर, काळ्या दगडाच्या असाव्यात. असाव्यात अशासाठी म्हणतो, की भगवानरावांनी आदल्या दिवशी त्या सगळ्या चंदेरी ऑइलपेंटनं रंगवून घेतल्या होत्या. एक गणपती अजून ओला होता. मागं गेल्या निवडणुकीचे झेंडे आणि खुर्च्या सतरंजीनं झाकून ठेवल्या होत्या, त्यातून एका खुर्चीचे पाय वर आले होते.

मन्मथराव कितीतरी वेळ त्या गणपतीसमोर उभे राहिले. मग खिशातून रुमाल काढून बोटाला लागलेला रंग पुसला. "असं होय," ते म्हणाले. भगवानरावांना घाम फुटला. मलाही. मनात म्हटलं, वैजिनाथ, सून गेली तुझ्या हातची.

हत्तीखान्यात तर कहरच झाला. तिथं आमच्या आधीच माणसं येऊन बसली होती, आणि एकदोघांनी घरून टिकाव आणले होते. 'उगीच, असू द्यावे' म्हणाले. मन्मथरावांनी सहज एका दगडी हत्तीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. त्याबरोबर सगळी गर्दी एक पाऊल पुढं सरकली आणि श्वास रोखून उभी राहिली.

"आतून पोकळ हाय का साहेब?" राधाकिशननं घोगऱ्या आवाजात विचारलं.

मन्मथरावांनी हत्तीकडे बघितलं, टिकावांकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे बघितलं. फेरीचा हिशेब त्यांना लागत नाहीये, हे मला कळलं.

लागला तो मुक्ताबाईंच्या ओट्यावर. बाराखांबीकडे जाताना बघतो तर ओट्याच्या ऐन पुढच्या कडेला शेंदूर फासलेला एक भला मोठा दगड, त्याला झेंडूची माळ, पुढं उदबत्ती. आमच्याकडे अतिक्रमणवाले येणार म्हटलं की देव असे प्रकट होतात. देवाला हात लावायची कुणाची छाती होत नाही. मागच्या रविवारी त्या जागी मी पावलं मोजली होती आणि दगडाचा मागमूस नव्हता. मन्मथरावांनी बूट काढले, नमस्कार केला आणि विचारलं, "हे स्थान किती जुनं?"

मी तोंड उघडायच्या आत मुक्ताबाईंनी त्यांचे पायच धरले. "लई जुनं हाय साहेब. माज्या सासूच्या सासूच्या टायमाचं. पाडू नका माजा ओटा. म्हातारीचं बसन्याउठन्याचं तेवडंच हाय हो." आणि त्या रडायला लागल्या. नाटक नव्हतं ते. आठवडाभर ती बाई झोपली नव्हती, असं शेजारणीनं सांगितलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या एका बढाईपायी ही म्हातारी भ्यायली होती.

मन्मथराव दचकून मागं झाले. "अहो, मी कशाला पाडू? मी कोण?"

"ऑडिटर!" मागून चार जण म्हणाले.

"मांत्रिक!" बायका म्हणाल्या.

"अहो, मी रिटायर माणूस आहे. माझी मुलगी इथं नोकरीला यायची आहे. गाव बघायला आलोय. ही यांची रविवारची फेरी असते ना, तिला."

"रविवारची?" राधाकिशन म्हणाला. शेजारी कशासाठी असतात, हे त्या दिवशी मला नीट कळलं. "कुटली रविवारची? अप्पा तर मागच्या रविवारी पयल्यांदा बाहेर पडले घरातून. तवाच मी म्हनलं, कायतरी भानगड हाय."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि मन्मथराव चष्म्यावरून. मला धरणी दुभंगावी असं वाटलं, पण तिथं खाली मुक्ताबाईंचं शोषखड्ड्याचं काम निघालं होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "खोटं बोललो. पोरं घरी यावीत म्हणून बोललो."

हंडा नाही, ऑडिट नाही, उमेदवार नाही. गर्दीचा हिरमोड झाला. टिकाववाले आधी गेले. सिदूनं मोटारसायकल सुरू केली आणि ही आनंदाची बातमी द्यायला भगवानरावांकडे निघून गेला. मुक्ताबाईंनी मात्र डोळे पुसले, ओटा पदरानं झटकला आणि मन्मथरावांना हाताला धरून बसवलं. भीती गेल्यावर त्यांचा संशय जागा झाला होता.

"लेकीचं गाव बगायला बाप एकलाच आला? बायको कावून न्हाई आनली?"

"वारली," मन्मथराव म्हणाले.

"कशानं?"

मी पुढं झालो. "मावशी, जाऊ द्या." पण मन्मथरावांनी मला हातानंच थांबवलं. मुक्ताबाई विचारत गेल्या. नाव काय होतं? कोणता दवाखाना केला? तिथंच का नेलं, अंबाजोगाईचं मेडिकल काय वाईट होतं? सैपाक कोण करतं? दुसरं लगीन कावून न्हाई केलं? राधाकिशन आणि शेजारच्या दोघीतिघीही टेकल्या आणि त्यांनीही विचारलं. पेन्शन विचारली. गुडघे विचारले. एकीनं तर उशाला किती उश्या घेता तेही विचारलं. मन्मथराव एकेका प्रश्नाला उत्तर देत होते. साखरेचा चहा आला, तो त्यांनी प्याला. मी खांबाला टेकून उभा होतो आणि मनातल्या मनात वरच्या खोलीत ज्वारीची आणखी पोती रचत होतो. कोणता पुण्याचा माणूस हे सहन करील?

घरी येईपर्यंत ते माझ्या पुढं पुढं चालत राहिले. जेवताना फक्त मीठ मागितलं. शिवकांतानं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं. हात धुऊन ते अंगणात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वर्षाला मी होकार कळवतो."

शिवकांताच्या हातातलं भांडं खाली ठेवताना वाजलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या सहजासहजी? "अहो, पण तुम्ही तर विरोधात होतात. गावात काय आहे म्हणालात. आज तर तुम्ही डोळ्यांनी बघितलं काय आहे ते."

"गावाला माझा विरोध नव्हता," मन्मथराव म्हणाले. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "ती आली की तिकडे मी एकटाच. पावसाळ्यात मला ताप आला होता. पोरं परदेशात फिरायला गेली होती, त्यांना कळवलं नाही. दाराबाहेर दुधाच्या पिशव्या साठल्या. शेजारच्यांनी चिठ्ठी लावली, पिशव्यांचा वास येतोय, उचला. आत माणूस आहे की नाही, कुणी विचारलं नाही. चांगले लोक आहेत हो, त्रास देत नाहीत कुणाला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आज त्या म्हातारीनं सुमनचं नाव विचारलं. किती वर्षांत ते नाव मी मोठ्यानं घेतलं नव्हतं."

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ऑडिटरच्या खांद्यावर हात ठेवायची सवय नव्हती.

थोड्या वेळानं ते घसा खाकरून म्हणाले, "वरच्या नळाला दाब जरा कमी वाटला. मोटर बसवली तर?"

आता मला सगळी तपासणी आठवली. पाणी, ऊन, जिना. मी सावध झालो. "मुलांना चालेल तेवढं पाणी."

"मुलांना खालची खोली द्या. त्यांना जा-ये असते," मन्मथराव म्हणाले. "जिन्याला कठडा मी करून घेईन."

म्हणजे वरची खोली त्यांनी स्वतःसाठी तपासली होती. रोज सकाळी चष्म्यावरून बघणारा हा माणूस, रोज बिनसाखरेचा चहा, आणि दर रविवारी ती फेरी, कारण आता ती निघणारच! मी शिवकांताकडे बघितलं. ती पदरानं डोळे पुसत होती, म्हणजे तिकडून मदतीची आशा नव्हती.

तेवढ्यात पलीकडे बादली उपडी घातल्याचा आवाज आला. राधाकिशनचं डोकं वर आलं. "पाव्हणे, अजून हाव का? मला वाटलं गेलात. मुक्काम किती दिवस हाय?"

मन्मथराव खुर्चीवरून उठले, भिंतीजवळ गेले आणि दोन्ही कोपरं भिंतीवर टेकून राधाकिशनच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "तुमाला कावून पाहिजे?"

पस्तीस वर्षांत जे पुण्यानं घालवलं होतं ते एका दमात परत आलं होतं. राधाकिशनचा चेहरा खुलला. त्यानं बादलीवर नीट पाय रोवून उभं राहायची तयारी केली. शिवकांता उठली, पदर खोचून जिना चढून गेली, आणि ज्वारीची पोती खाली उतरवायला मला वरून हाका मारू लागली.